उतरताना गुडघा कुठे होता?

हँडबॉलच्या जिल्हा संघाच्या निवडीसाठी पुतणीचं नाव गेलं, तेव्हा भावानं एकच प्रश्न विचारला, "यात पुढं काय हाये?" घरात कुणालाच उत्तर देता येईना. कबड्डी असती तर गल्लीतल्या कुणीही सांगितलं असतं, क्रिकेटचं तर विचारायलाच नको. हँडबॉल चेंडूनं आणि हातानं खेळतात, एवढंच आम्हाला ठाऊक. दिग्रसच्या बाजारात माझं शिवणकामाचं दुकान आहे. पोरीची जर्सी मीच बेतली, पाठीवरचा आकडाही माझ्याच मशीनवर शिवला. ज्या खेळाचे कपडे शिवते तो खेळ मी एकदाही पाहिलेला नाही, हे मला त्या दिवशी फार लागलं. "मी शोधून सांगते," असं भावाला म्हटलं आणि दुकान लवकर बंद करून मैदानावर गेले. तिथं गेल्यावर कळलं की कुठं उभं राहून बघायचं हेही मला माहीत नाही. पोरगी लांबून ओरडली, "आत्या, तू लाइनवर उभी हायेस, सरक न!"

पावसाळा सरत आला होता. काळी जमीन वरून सुकलेली, आतून ओली. त्यावर मुरूम टाकलेला आणि फक्कीनं रेषा मारलेल्या. पोरींना खेळ शिकवणाऱ्या सरांनी हातात काडी घेऊन मला मैदान समजावलं. लांबी ४० मीटर, रुंदी २०. दोन टोकांना गोल, ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच. एका बाजूला सात जणी, त्यातली एक गोलकीपर. गोलसमोर ६ मीटरवर एक वळणदार रेषा, तिच्या बाहेर ९ मीटरवर तुटक रेषा, आणि दोन्हींच्या मध्ये ७ मीटरवर एक छोटी खूण, जिथून पेनल्टी मारतात. ६ मीटरच्या रेषेच्या आत गोलकीपरशिवाय कुणीही पाय टेकवायचा नाही. मी विचारलं, "मग गोल काय एवढ्या लांबूनच मारायचा?" सर म्हणाले, "पाय टेकवायचा नाही म्हटलं ताई, उडायचं नाही असं कुठं म्हटलं?" रेषेच्या बाहेरून उडी घ्यायची, आतल्या हवेत शिरायचं, आणि जमिनीवर उतरायच्या आत चेंडू हातातून सुटलेला पाहिजे. एवढ्यात पुतणी धावत आली, उडाली, हात मागे नेला आणि चेंडू जाळीत गेला. ती आत पडली ती गोल झाल्यावर. मी कपडे बेतते, रेषेच्या आत-बाहेरचं मला कळतं. पण रेषेच्या वरच्या हवेचाही नियम असू शकतो, हे मला नवीन होतं.

दुसऱ्या दिवशी गळ्यातली टेप घेऊनच गेले आणि चेंडूला गुंडाळली. ५५ सेंटिमीटर भरला. सरांनी सांगितलं, बायकांच्या आणि १४ वर्षांवरच्या मुलींच्या चेंडूचा घेर ५४ ते ५६ सेंटिमीटर आणि वजन ३२५ ते ३७५ ग्रॅम असतं. पुरुषांचा चेंडू याहून मोठा, ५८ ते ६०. मी एका हातात धरून बघितला. बोटं फाकवली, अंगठ्यानं दाबला, हात उलटा केला आणि चेंडू खाली गेला. पुन्हा केलं, पुन्हा गेला. पंधरा वर्षांची पोरगी तोच चेंडू उलट्या पंजानं धरून माझ्याशी गप्पा मारत होती. युरोपातल्या मोठ्या सामन्यांत खेळाडू बोटांना राळेसारखा चिकट लेप लावतात. इथं मुली हात फक्त जर्सीला पुसतात. पुतणीचा पंजा माझ्याहून लहान आहे, हे मी टेपनंच मोजलं. पकड येते ती बोटांच्या टोकांतून आणि मनगटातून, तळहात जवळजवळ मोकळाच असतो. हे तिनं माझी बोटं एक एक करून चेंडूवर ठेवून दाखवलं.

मग पावलं. चेंडू हातात असताना तीनच पावलं टाकता येतात, आणि तीनच सेकंद तो हातात ठेवता येतो. त्यानंतर जमिनीवर आपटत न्यायचा, कुणाला तरी द्यायचा, नाहीतर गोलवर मारायचा. एकदा आपटून पुन्हा धरला की परत आपटता येत नाही. मग पुन्हा तीन पावलं आणि चेंडू सोडायचा. उजव्या हातानं फेकणारीनं डावा, उजवा, डावा असं जायचं आणि डाव्या पायावरून उडायचं. चपला काढून मी करून पाहिलं. माझा उजवा हात आणि उजवा पाय सोबतच पुढं येत होते, आणि उडी घ्यायच्या वेळी मी उभीच. मुली हसल्या नाहीत, त्यांनी टाळ्या वाजवून ताल धरला. ताल धरल्यावर पाय आपोआप बदलले, उडी मात्र पायरी उतरण्याएवढीच झाली. पुतणीला विचारलं, तीन सेकंदांत तू बघतेस तरी काय? ती म्हणाली, "गोलकीपरचं वजन कोन्त्या पायावर हाये ते, आन् आपली कोन्ती पोट्टी मोकळी हाये ते." मी त्या तीन सेकंदांत फक्त स्वतःचे पाय बघत होते.

खरा सामना पाहिला तेव्हा जीव वर-खाली झाला. आमची पोरगी गोलसमोर जाते आणि समोरच्या दोन मुली छातीनं तिला अडवतात. ढकललं, असं मी ओरडले. शेजारच्या एका बाईनं सांगितलं, समोरून अंग लावून अडवणं चालतं. मागून किंवा बाजूनं ओढणं, हातातला चेंडू हिसकावणं, उडालेल्या मुलीला हवेत धक्का देणं, हे चालत नाही. पंचांनी दोन बोटं वर केली की त्या मुलीनं दोन मिनिटं बाहेर बसायचं. तेवढा वेळ तिचा संघ एक जण कमी घेऊन खेळतो. एकाच मुलीला तिसऱ्यांदा दोन मिनिटं मिळाली की लाल कार्ड आणि सामन्यातून बाहेर. मग पंचांनी हात वर उचलून धरला. मला वाटलं, कुणाला तरी शिक्षा. तो होता नुसता इशारा: तुम्ही वेळ काढताय, आता चार पासच्या आत गोलवर मारा, नाहीतर चेंडू जाईल. पूर्वी सहा पास मिळायचे, २०२२ पासून चार. ती बाई कुणाची आई होती. तिच्या पोरीची ही तिसरी स्पर्धा, आणि तिला सगळं पाठ. मी तिच्याजवळ सरकून बसले आणि सामना संपेपर्यंत तिचा पदर सोडला नाही.

त्या मैदानावर मला जागांची नावंही कळली, आणि मी ती माझ्या पद्धतीनं लक्षात ठेवली. दोन्ही कडांच्या मुली म्हणजे विंग, कोपऱ्यातून अगदी बारीक फटीतून मारणाऱ्या. मागून उंच उडी घेऊन मारणाऱ्या बॅक. मधली सेंटर बॅक, जी बाकीच्यांना हलवते. आणि पिव्हट, म्हणजे विरोधी मुलींच्या भिंतीत पाठ करून घुसून उभी राहणारी. पिव्हटचं काम मला सगळ्यांत अवघड वाटलं. चेंडू नसताना ती पूर्ण वेळ धक्के खाते, जागा अडवून धरते आणि त्या जागेतून दुसरी कुणी गोल मारते. गोल करणारीचं नाव होतं, हिची नोंद कुठं राहते, असं मी विचारलं. सर म्हणाले, निवड करणाऱ्यांच्या डोळ्यात राहते, त्यांना खेळ कळत असेल तर.

कपड्यांचा विषय घरात निघणारच होता. शॉर्ट्स लहान आहेत, असं आमच्या आईचं मत, आणि त्या मीच शिवलेल्या. उडी घेताना मांडी पूर्ण उघडते, लांब पायाचा कपडा गुडघ्यावर अडतो, हे मी मैदानावर पाहून आले होते. तिथूनच मला २०२१ सालची गोष्ट कळली. वाळूवरच्या हँडबॉलच्या युरोपियन स्पर्धेत नॉर्वेच्या बायकांनी सक्तीची बिकिनीची चड्डी घालायला नकार दिला, शॉर्ट्स घातल्या, आणि त्यांना १५०० युरो दंड झाला. जगभर ओरड झाली आणि त्याच वर्षी नियम बदलला. आईला मी ही गोष्ट सांगितली. कुणी झाकायला सांगतं, कुणी उघडं ठेवायला सांगतं, आणि खेळणारीला कुणी विचारत नाही, याचा मला राग आला. तो मी तिच्यासमोर बोलूनही दाखवला. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "नाडी पक्की शिव. पळताना सुटू नये." पुतणीला विचारून शॉर्ट्सची शिवण मी दोन बोटं खाली घेतली आणि कमरेला इलॅस्टिकसोबत नाडी घातली.

भावाचा प्रश्न तसाच उभा होता. मी कागदांच्या मागे लागले. शालेय स्पर्धा तालुक्यापासून सुरू होतात, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य, मग राष्ट्रीय. आमचा विभाग अमरावती. म्हणजे पोरगी जिंकत गेली तर आधी दारव्ह्यावरून यवतमाळ, आणि पुढे नेर, बडनेरा करत अमरावती. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यात कोणत्या पदासाठी कोणत्या पातळीवर कोणता क्रमांक लागतो, हे शासन निर्णयात लिहिलेलं आहे आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे करून घ्यावी लागते. रेल्वे, पोलीस, केंद्रीय दलं खेळाडूंना भरती करतात. आपल्याकडे बहुतेक मुलींचा हँडबॉल याच वाटेनं पोटापाण्याला लागतो. सकाळी सराव, दिवसा ड्यूटी, स्पर्धा आली की संघासोबत. घरातला प्रमाणपत्रांचा डबा मी उघडला. पुतणीच्या एका प्रमाणपत्राला पाणी लागून शिक्का पसरला होता. त्याच दिवशी सगळी प्लास्टिकच्या फाइलमध्ये घातली. नोकरीचा विचार करत होते आणि कागद धान्याच्या कोठीशेजारी पडलेला होता.

अमरावतीचं नाव निघालं की आमच्याकडे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं नाव निघतंच. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेली ही संस्था. व्यायामशिक्षक होण्यासाठी विदर्भातली कितीतरी मुलं-मुली तिथं गेली. याच मंडळाच्या पथकानं १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. आणि त्याच बर्लिनमध्ये हँडबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये खेळला गेला. तो मोकळ्या मोठ्या मैदानावर, अकरा-अकरा जणांचा आणि फक्त पुरुषांचा होता. आमच्या अमरावतीची माणसं त्या गावात होती जिथं हा खेळ चालू होता, हे वाचून मी मशीन थांबवलं. त्यांच्यातल्या कुणी तो पाहिला असेल का? बायकांना ऑलिंपिकमध्ये यायला १९७६ उजाडावं लागलं, माँट्रियलला. आशियाई खेळांत हँडबॉल १९८२ ला दिल्लीत आला, बायकांचा १९९० ला बीजिंगमध्ये. भारताचा हँडबॉल महासंघ १९७२ चा. माझ्या भावाला हा खेळ नवा वाटतो, आणि महासंघाचं वय तर पन्नाशीच्या पुढे.

मग मी पुतणीच्या मोबाइलवर धंदेवाईक खेळाडू बघायला लागले, ज्यांचं पोट फक्त हँडबॉलवर चालतं. रुमानियाची क्रिस्टिना न्यागू ही त्यातली सगळ्यांत मोठी. बुखारेस्टची, १९८८ चा जन्म, डावी बॅक. जगातली वर्षाची सर्वोत्तम खेळाडू म्हणून चार वेळा निवडली गेली: २०१०, २०१५, २०१६ आणि २०१८. युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये हजारावर गोल. मी सालं वहीत लिहून घेतली आणि मला खाच दिसली. २०१० नंतर एकदम २०१५. मधल्या पाच वर्षांत काय झालं? खांद्याची दुखापत, आणि बराच काळ मैदानाबाहेर. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये, युरोपियन स्पर्धेत हंगेरीविरुद्ध खेळताना तिच्या गुडघ्याचा एसीएल तुटला. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत दोन हाडांना बांधून ठेवणारा पट्टा. नॉर्वेची नोरा मोर्क, ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवलेली, तिच्या गुडघ्यांवर इतक्या शस्त्रक्रिया झाल्या की तिच्याविषयी लिहिणारे गोलांसोबत तेही मोजतात. मी भावाच्या प्रश्नासाठी पगार शोधत होते आणि प्रत्येक नावापाशी गुडघा निघत होता.

हे मला सोडवेना. पुसदला फिजिओथेरपी करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं, पळता पळता एकदम वळणं आणि उडीनंतर उतरणं ज्या खेळांत आहे, त्यांत मुलींचा एसीएल मुलांपेक्षा जास्त तुटतो. बहुतेक वेळा कुणी मारलेलं नसतं. मुलगी एका पायावर उतरते, गुडघा आतल्या बाजूला जातो, आणि संपलं. मोठी शस्त्रक्रिया, पुढे महिनोन्‌महिने व्यायाम. आमच्यासारख्या घरात शस्त्रक्रियेचा खर्च निघाला तरी खेळ तिथंच सुटतो. मग त्यांनी नॉर्वेतल्या एका अभ्यासाविषयी सांगितलं. २००५ साली तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. १२० हँडबॉल क्लब, १५ ते १७ वर्षांचे १८३७ खेळाडू. निम्म्या क्लबांना सरावाआधी १५-२० मिनिटांचा ठरावीक वॉर्मअप दिला: पळणं, वळण्याचा आणि उतरण्याचा सराव, तोल, पायांची ताकद. बाकीचे नेहमीसारखे खेळले. एका मोसमात वॉर्मअप करणाऱ्यांच्या गुडघ्या-घोट्याच्या दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. मी विचारलं, यंत्र कोणतं लागतं? "तोलाची फळी असली तर बरं, नसली तर घडी केलेली सतरंजी," त्या म्हणाल्या. एवढं स्वस्त उत्तर असेल असं मला वाटलंच नव्हतं.

त्यांनी दुकानातच मला उतरायला शिकवलं. स्टुलाएवढ्या उंचीवरूनही नाही, साध्या विटेवरून. दोन्ही पायांवर उतरायचं, गुडघे वाकवायचे, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहिला पाहिजे. मी ताठ उतरले आणि दात एकमेकांवर आपटले. मग वाकून उतरले तेव्हा आवाजच झाला नाही. आवाज ऐका, असं त्या म्हणाल्या, जोरात आवाज म्हणजे गुडघ्याला मार. पुतणी घरी आली तेव्हा मी तिला ओट्यावरून उडी मारायला लावली आणि मोबाइलवर हळू गतीत चित्रण केलं. दहावीतली, जिल्ह्याला निवडली जाणारी पोरगी, आणि तिचा डावा गुडघा उतरताना आत जात होता. डावा, म्हणजे ज्याच्यावरून ती उडते तोच. तिनं ते स्वतः बघितलं आणि पुन्हा ओट्यावर चढली.

सरांना सांगायला मी बिचकले. शिंपीणबाई येऊन मास्तरला शिकवणार का? पण त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि सगळ्या मुलींना जवळ बोलावलं. या मुलींचा सराव आधी मैदानाला फेऱ्या मारून सुरू व्हायचा. आता फेऱ्यांनंतर जोड्या पडतात. एकीनं डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं, दुसरीनं खांद्याला हळूच धक्का द्यायचा. मग उड्या, आणि जोडीदारणीनं फक्त गुडघा बघायचा. माझ्या दुकानातल्या जुन्या गोधड्यांची घडी त्यासाठी तिथं गेली. मी कडेला उभी राहून गुडघे बघते. एवढं एक काम मला आता येतं.

गावातली पोर किती पुढं जाऊ शकते, हेही मी शोधलं. हिमाचलमध्ये बिलासपूर जिल्ह्यात मोरसिंघी नावाचं गाव आहे. तिथं स्नेहलता या माजी खेळाडूनं मुलींसाठी हँडबॉलची नर्सरी उभी केली आणि त्या गावच्या मुली भारताच्या संघात गेल्या. मार्च २०२२ मध्ये कझाकस्तानच्या अल्माटीला भारताच्या ज्युनियर मुलींनी थायलंडला ४१-१८ हरवून आशियाई विजेतेपद मिळवलं. एका गावातून हे होऊ शकतं. आमच्या मैदानाला अजून छप्पर नाही, पावसात सराव बंद पडतो, हेही खरं. दिग्रसला पक्कं मैदान हवं, आणि ते मागायला मी तहसीलपर्यंत जायला तयार आहे. पण त्याची वाट बघत पोरींचे गुडघे थांबणार नाहीत, म्हणून गोधडी आधी.

भावाला मी उत्तर दिलं, जसं जमलं तसं. बारावीपर्यंत राज्य पातळी गाठली तर अमुक, विद्यापीठाच्या संघात गेली तर तमुक, रेल्वे, पोलीस, नाहीतर अमरावतीला व्यायामशिक्षणाची पदवी. आणि हे सगळं दोन गुडघ्यांवर. त्यानं बराच वेळ फाइल चाळली. मग मोबाइलवरचं ते चित्रण मागितलं, दोनदा पाहिलं आणि पोरीला विचारलं, "आता सरळ उतरते का वं?"

आता मला गोलकीपरचं समजून घ्यायचं आहे. तिच्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. ६ मीटरच्या आत तिला चेंडू पायानंही अडवता येतो, पावलांची आणि सेकंदांची मोजणी तिला तिथं लागू नाही. नॉर्वेची गोलकीपर कात्रिने लुन्दे १९८० ची. २००८, २०१२ आणि मग २०२४ ला, वयाच्या ४४ व्या वर्षी, ऑलिंपिक सुवर्ण. आमच्या संघातली गोलकीपर बुटकी आहे, कमी बोलते, आणि तिला एकाही सामन्यात कुणी टाळ्या वाजवल्याचं मी पाहिलं नाही. परवा तिला विचारलं, एवढ्या जवळून चेंडू येतो, तू डोळे मिटत नाहीस का? ती म्हणाली, "पयले मिटत होती. मंग सरांनी सांगितलं का फेकनारीच्या खांद्याकडं पाहा, चेंडूकडं पाहू नको." म्हणून आता मी खांदे बघायला शिकते आहे. अजून चेंडू सुटल्यावरच मला तो कुठं गेला ते कळतं.